स्क्रूला हात लावण्याआधी

जुन्या गाडीचा मालक गॅरेजमध्ये येऊन जी तक्रार सगळ्यात जास्त वेळा सांगतो ती अशी: "पळताना काही नाही हो, पण सिग्नलला उभी केली की थरथरते. कधी कधी बंदच पडते." हे ऐकलं की बहुतेक ठिकाणी पहिला हात जातो तो कार्बोरेटरच्या स्लो स्क्रूवर. अर्धा फेरा दिला की इंजिनाचा आवाज चढतो, थरथर थांबते, मालक खूश होऊन पैसे देतो आणि गाडी निघून जाते. दुरुस्त मात्र काहीच झालेलं नसतं. काही दिवसांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते, आणि तोवर तिचं ॲव्हरेजही पडलेलं असतं. ही पुस्तिका त्या अर्ध्या फेऱ्याच्या विरोधात लिहिली आहे.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन फक्त स्वतःला फिरतं ठेवण्यापुरती ताकद तयार करतं. जुन्या पेट्रोल गाड्यांत या आयडलिंगचा, म्हणजे स्लोचा, वेग साधारण मिनिटाला 700 ते 900 फेरे असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात 800 फेऱ्यांना मिनिटाला 1600 स्फोट होतात, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला 400. रस्त्यावर वेगात असताना यातला एखादा चुकला तर फ्लायव्हीलचा आणि गाडीच्या वजनाचा जोर ती चूक पचवून टाकतो. उभ्या गाडीत हा जोर पाठीशी नसतो. म्हणून व्हॉल्व्ह, प्लग, पॉइंट, पॅकिंग, जेट यांपैकी कुणाचंही दुखणं असो, त्याची पहिली कुरबुर आयडलिंगलाच ऐकू येते. मारुती 800 तर तीनच सिलिंडरची. तिचा एक सिलिंडर बसला की तिसरा हिस्सा ताकद गेली, मग ती स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळं हलवणारच.

आयडलिंगला थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते. तिच्या कडेच्या बारीक फटीतून जेमतेम हवा आत जाते. मेन जेटचा या वेळी काही संबंध नसतो. पेट्रोल येतं ते पायलट जेटमधून, ज्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. टाकीतला गंजाचा एक कण तिथे अडकला तरी स्लो गेला. उलट बाजूनेही तसंच. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून केसाएवढ्या चिरेतून हवा शिरली तर थ्रॉटल उघडा असताना ती एकूण हवेत कुठल्या कुठे जिरून जाते, पण थ्रॉटल मिटल्यावर तीच चोरटी हवा मिश्रण पातळ करून टाकते. रेस दिल्यावर जी थरथर पूर्ण निघून जाते ती बहुधा हवेची किंवा पायलट जेटची. रेस दिल्यावरही जी 'मिस' कायम राहते तिच्यासाठी आधी ठिणगीकडे बघायचं. एवढी दोनच वाक्यं शिकाऊ पोरांनी पाठ केली तरी निम्मे कार्बोरेटर विनाकारण उघडायचे वाचतील.

हे सोलापुरात बसून लिहिताना एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली याच सोलापुरातला. रेल्वेची कंत्राटं, जहाजं, साखर, बंगळूरचा विमान कारखाना असं सगळं करता करता या देशात मोटार बनली पाहिजे हा ध्यास त्यांनी धरला. सर विश्वेश्वरय्यांसारखा माणूस त्या योजनेच्या मागे उभा होता, तरी इंग्रज सरकारने दाद दिली नाही. शेवटी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लायमाउथ निघाल्या, मग फियाट आली. 1953 मध्ये वालचंद गेले. त्यांच्या पश्चात फियाट 1100 याच कारखान्यातून घरोघर पोचली आणि सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. 1089 सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईत काळ्यापिवळ्या रंगात तिने पिढ्यान्‌पिढ्या संसार चालवले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. सोलापुरात मात्र खाजगी नावावरच्या पद्मिनी अजून निघतात. कुणी वडिलांची आठवण म्हणून ठेवलेली, कुणी लग्नाच्या वरातीला देतो म्हणून चकचकीत केलेली. या गाडीचा स्लो नीट बसवता येणं ही मला या गावाची जबाबदारी वाटते. म्हणून पुस्तिकेतली बहुतेक उदाहरणं पद्मिनीची आणि कार्बोरेटरवाल्या मारुती 800 ची घेतली आहेत. ॲम्बेसेडरवाल्यांनाही तत्त्व तेच लागू पडेल, फक्त तिच्या जुन्या मॉडेलांच्या एसयू कार्बोरेटरची रचना वेगळी आहे.

निदानाची सुरुवात पान्याने होत नाही, प्रश्नाने होते. सकाळी थंड असताना थरथरते की गरम झाल्यावर? लयीत मिस मारते की कशीही? रेस आपोआप वरखाली होते का? दिवे लावल्यावर, पंखा लावल्यावर फरक पडतो का? अलीकडे कुणी काय उघडलं होतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मालक सहसा लाजत लाजत देतो आणि तिथेच अर्धं निदान होऊन जातं. लयीत, ठरावीक अंतराने ठोका चुकत असेल तर दोष एकाच सिलिंडरचा. लय सोडून, कधीही चुकत असेल तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या कशाचा तरी: मिश्रणाचा, हवेचा किंवा पॉइंटचा. जुने मेस्त्री हे कानाने ओळखतात. सोलापूरच्या गॅरेजांत एकाच इंजिनावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषांत चर्चा चालते, पण बॉनेट उघडल्यावर सगळे आधी गप्प होऊन ऐकतात. ते ऐकणं शिकवता येतं, असा माझा विश्वास आहे.

सायलेन्सरच्या तोंडाशी एक कागद धरून बघा. निरोगी इंजिन त्याला एकसारखे टपटप धक्के देतं. लयीत एक धक्का कमी आला तर एक सिलिंडर काम करत नाही. आणि कागद मधूनच आत ओढला जात असेल तर बहुधा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळालेला आहे. अशा गाडीच्या कार्बोरेटरवर दिवस घालवणं म्हणजे निव्वळ मजुरी वाया. मग एकेका प्लगची टोपी, चांगल्या रबरी मुठीच्या पकडीने, क्षणभर उपसून बघायची. टोपी काढल्यावर इंजिन लगेच ढासळलं तर तो सिलिंडर कामाचा होता. काहीच फरक पडला नाही तर दोषी सापडला. ही परीक्षा फक्त पॉइंटवाल्या जुन्या गाड्यांसाठी. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या, गाडीत असं केलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो, आणि इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक भागांनाही धोका असतो. तिथे इंजेक्टरचा कनेक्टर काढून तीच गोष्ट समजते.

यानंतरचा क्रम मी ठाम ठेवला आहे आणि त्यात कुणी सूट घेऊ नये असं वाटतं. आधी इंजिनाचे रबरी माउंट, कारण ते बसलेले असतील तर निर्दोष इंजिनही गाडी हलवतं आणि माणूस नसलेला रोग शोधत बसतो. मग टॅपेट आणि कॉम्प्रेशन. मग ठिणगी: प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग. मग हवेची गळती. सगळ्यात शेवटी कार्बोरेटर, आणि कार्बोरेटरमध्येही सगळ्यात शेवटी स्क्रू.

टॅपेटबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. टकटक करणाऱ्या टॅपेटची सगळ्यांना काळजी वाटते, कारण ते ऐकू येतं. खरं नुकसान घट्ट बसलेलं टॅपेट करतं. त्याचा आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कडेने जळत जातो. भारतात 2000 साली शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. हवेसाठी ते चांगलंच झालं. पण ज्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका साध्या बिडाच्या होत्या, त्यांना शिशाचा थर संरक्षण देत होता. तो गेल्यावर बैठका झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. म्हणून असं इंजिन असेल तर "आवाज नाही म्हणजे ठीक आहे" हे चालणार नाही. फीलर गेज लावूनच बघायचं.

ठिणगीच्या प्रकरणात फार रेंगाळलेलो नाही, कारण तिथली कामं बहुतेकांना येतात. फक्त डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघायला विसरू नका. त्याचं बुश झिजलेलं असलं की पॉइंटची फट प्रत्येक फेऱ्याला बदलते. नवे पॉइंट टाका, नवा कंडेन्सर टाका, स्लो स्थिर राहणार नाही. पॉइंटची टोकं वारंवार जळून काळीनिळी पडत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या. आणि नवा आणला म्हणून तो चांगलाच असेल असं धरून चालू नका.

हवेच्या गळतीला मात्र भरपूर पानं दिली आहेत, कारण सोलापुरात येणाऱ्या जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त हेच दिसतं. एका पांढऱ्या पद्मिनीचं सांगतो. बऱ्याच ठिकाणी फिरून आलेली. कार्बोरेटरची किट बदललेली, जेट नवे, प्लग नवे, तरी स्लोला उभी राहत नव्हती. मालकाने रेस इतकी चढवून घेतली होती की क्लच सोडला की गाडी आपोआप चालू लागे. आम्ही इंजिन चालू ठेवून ऑइलच्या कॅनने कार्बोरेटरच्या बैठकीच्या सांध्यावर चार थेंब सोडले. इंजिनाचा सूर तत्काळ बदलला, दोन सेकंद अगदी साफ चाललं, मग पुन्हा थरथर. तेलाने चीर तेवढ्यापुरती बुजली होती. कार्बोरेटर उतरवून त्याच्या बैठकीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि मागून टॉर्च धरला. मधोमध उजेड दिसला. वर्षानुवर्षं दोन्ही नट ताकद लावून आवळत गेल्याने बैठकीचे कान खाली वाकले होते आणि मधला भाग उचलला गेला होता. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, थोडं केरोसिन टाकून, आठ आकड्यासारखा हात फिरवत ती बैठक सपाट केली. नवं पॅकिंग लावलं, नट बेताने आवळले, स्लो स्क्रू चांगला दोन फेरे मागे घेतला, आणि गाडी शांत उभी राहिली. नवा भाग म्हणायचा तर ते एक पॅकिंगच.

या तपासणीला काही मेस्त्री पेट्रोल शिंपडतात. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे. कृपा करून करू नका. इंजिन ऑइल पुरतं. रबरी नळ्या असतील, ब्रेक बूस्टरच्या किंवा व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या, तर त्या एकेक चिमटून बघायच्या. चिमटल्यावर स्लो सुधारला तर त्या नळीच्या पलीकडे गळती आहे. आणि थ्रॉटलचा दांडा वरखाली हलत असेल तर तिथूनही हवा जाते; तिथे कुठलाही स्क्रू कामाचा नाही, बुश टाकावं लागतं.

व्हॅक्यूम गेज ज्यांना घेता येईल त्यांनी घ्यावं. परदेशी पुस्तकांत निरोगी इंजिनाचं आयडलिंग व्हॅक्यूम 17 ते 21 इंच पारा दिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. उंचीच्या दर हजार फुटांमागे ते साधारण एक इंच घटतं. सोलापूर सुमारे साडेचारशे मीटरवर, म्हणजे दीड हजार फुटांवर आहे. तेव्हा इथे साडेपंधरा ते साडेएकोणीस हे ठीक धरायचं आणि आकड्यापेक्षा काट्याची चाल बघायची. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे किंवा गळती. ठरावीक लयीत झटका देत असेल तर व्हॉल्व्ह. सावकाश इकडून तिकडे डोलत असेल तर मिश्रण.

आता उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की आपल्याकडे एक खास तक्रार सुरू होते. गाडी दुपारी नवी पेठेत दहा मिनिटं उभी केली, परत सेल्फ मारला तर लवकर चालू होत नाही, झाली तर घुसमटते, काळा धूर टाकते आणि मिनिटभराने आपोआप ठीक होते. याला सरसकट 'व्हेपर लॉक' म्हणतात, पण हा तो आजार नाही. इंजिन बंद केल्यावर पंखाही थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता चढत जाते. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि सिलिंडर पेट्रोलने तुंबतात. उपाय सोपा आहे: चोक अजिबात न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. कायमचा उपाय म्हणजे कार्बोरेटरखालचं उष्णतारोधक जाड पॅकिंग जागेवर आहे का ते बघणं, कारण कुणीतरी ते काढून साधं कागदी लावून दिलेलं असतं. खऱ्या व्हेपर लॉकमध्ये याच्या उलट होतं. पंपात किंवा पेट्रोलच्या पाइपमध्ये वाफ भरते, कार्बोरेटरला पेट्रोल पोचतच नाही, आणि गाडी चालता चालता ढेपाळते. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवर गर्दीमागून पहिल्या गिअरमध्ये तासन्‌तास सरकणाऱ्या जुन्या गाड्यांना हा त्रास होतो. पंपावर ओलं फडकं टाकणारे ड्रायव्हर योग्य तेच करत असतात.

इथेनॉलचा विषय सोलापूर जिल्ह्याला टाळता येणार नाही. एवढे साखर कारखाने ज्या जिल्ह्यात आहेत, त्यातल्या शेतकऱ्याच्या उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं याचा मला आनंदच आहे. पण 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता देशभर पंपांवर आहे आणि जुना कार्बोरेटर त्यासाठी बनलेला नाही, हेही तितकंच खरं. शुद्ध पेट्रोलचा एक भाग जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9 च भाग. 20 टक्के मिश्रणाला हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. संगणकाच्या ताब्यातलं इंजिन हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतं. सोलेक्सच्या जेटचं भोक आहे तेवढंच राहतं, म्हणजे तेच इंजिन आठ-नऊ टक्के पातळ मिश्रणावर चालू लागतं. वेगात ते निभावतं, स्लोला अडखळतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुनं रबर फुगवतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सुटा करून पायलट जेटपर्यंत आणतं. मिक्स्चर स्क्रू थोडा बाहेर, गरज पडल्यास पायलट जेट एक नंबर मोठा, पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, टाकीजवळ चांगला फिल्टर, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी. इतकं केलं तर जुनी गाडी या पेट्रोलवरही समाधानाने उभी राहते.

2000 च्या आसपासच्या एमपीएफआय गाड्याही आता जुन्या झाल्या आहेत, त्यांना शेवटचं प्रकरण दिलं आहे. थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडल एअर व्हॉल्व्ह, मॅप सेन्सर, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, असा तिथला क्रम. आपल्याकडे ओबीडीची सक्ती 2010 नंतर टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या गाडीला बाजारातला स्वस्त स्कॅनर बोलेलच असं नाही, आणि तो बोलला नाही म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही. इथेही रेस सारखी वरखाली होत असेल तर सेन्सर बदलण्याआधी हवेची गळती शोधा.

पीयूसीची तपासणी आयडलिंगलाच होते हे लक्षात ठेवायला हवं. भारत स्टेज 2 च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे, भारत स्टेज 2 च्या गाडीला अर्धा टक्का. नीट बसवलेल्या पद्मिनीला 3 टक्क्यांच्या आत राहणं अवघड नाही. पीयूसीच्या आधी मिक्स्चर स्क्रू आत फिरवून मिश्रण पातळ करून घेणं आणि नंतर पुन्हा बाहेर काढणं, हा प्रकार मी या पुस्तिकेत शिकवलेला नाही. कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम सगळ्यात आधी आपल्याच मेस्त्रीवर होतो. म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नये, ही सूचना प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला पुन्हा छापली आहे.

पुस्तिका वापरण्याची रीत एवढीच. फीलर गेज, प्लगपाना, टॉर्च, ऑइलचा कॅन आणि चांगले स्क्रू-ड्रायव्हर जवळ ठेवा. गाडी आदल्या रात्री आणून ठेवायला सांगा, कारण या दोन्ही गाड्यांचे टॅपेट थंड इंजिनावर बघायचे असतात. ते सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारण्याआधी उरका. मग ठिणगी आणि हवा. दुपारी गाडी होटगी रोडला एक फेरी मारून पूर्ण गरम करून आणा, चोक पूर्ण उघडा आहे याची खात्री करा, मिक्स्चर स्क्रू इंजिन अडखळेपर्यंत आत घ्या, तिथून सगळ्यात वेगात चालेल तिथवर बाहेर काढा, किंचित परत आत घ्या, आणि मगच स्लो स्क्रूला हात लावून फेरे 800 वर आणा.